टाकीतली तापी

माझं लग्न ठरलं तेव्हा माहेर आणि सासर एकाच राज्यात होतं. वर्ष फिरायच्या आत सरकारनं नकाशावर रेघा मारल्या, नागपूर मुंबईकडे गेलं, बऱ्हाणपूर भोपाळकडे राहिलं आणि मी बसल्या जागी परराज्यातली सून झाले. मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, याची फार मजा वाटायची. घरी पाहुणा आला की ते माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "ही आमची फॉरेनची सून." माझ्या सासूबाई, आत्याबाई, तेवढंही म्हणत नसत. त्या मला नुसतं 'नागपूरवाली' म्हणत. "नागपूरवाली, दूध उतू चाललं पाय." "हे त्या नागपूरवालीले विचारा, तिले समजते." रागानं नाही, अगदी सहज. पण सून हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघायचा नाही, आणि ते मला लागायचं.

मामंजींचं शहरात कापडाचं दुकान होतं आणि लालबागमध्ये, स्टेशनच्या रस्त्याला, त्यांनी नवी दुमजली बिल्डिंग बांधली होती. खाली आम्ही आणि वर भाडेकरू. नवं राज्य झालं तशी कुठली कुठली माणसं बदली होऊन बऱ्हाणपुरात येऊन पडली होती. कोणी ग्वाल्हेरचं, कोणी भोपाळचं, कोणी थेट रीवाचं. ट्रंका, वळकट्या आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन ही मंडळी स्टेशनवर उतरायची, आणि पहिली मोठी इमारत दिसायची ती आमची. मामंजी त्यांना खोल्या दाखवायच्या आधी गच्चीवर नेऊन टाकी दाखवायचे.

ती टाकी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. भंडाऱ्याचं, म्हणजे मुघलांच्या काळातल्या भुयारी कालव्याचं, पाणी नळानं अंगणातल्या हौदात पडायचं, तिथून मोटरनं गच्चीवरच्या लोखंडी टाकीत चढायचं आणि मग घरोघरच्या तोटीतून यायचं. तेव्हा आमच्या भागात वरच्या मजल्यावर तोटी फिरवून पाणी येणं ही मोठी गोष्ट होती. टाकीला घट्ट झाकण होतं, झाकणाला कुलूप होतं आणि कुलपाची किल्ली मामंजींच्या कमरेच्या करदोट्याला होती. "बादशाहाच्या जमान्याचं पाणी अन् टाटाच्या जमान्याचं लोखंड," असं ते म्हणायचे. खरं तर टाकी इथल्याच लोहारानं केलेली होती, पण ते कोण सांगणार.

वरच्या बिऱ्हाडांमध्ये एक रीवाची बाई होती. नवरा कचेरीत हिशेबनीस, आणि पदराला दीड वर्षाची लेक. आत्याबाईंनी तिचं नाव लगेच 'रीवावाली' करून टाकलं, त्यामुळे मला एकदम बहीण मिळाल्यासारखं झालं. ती मला दीदी म्हणायची. तिला मराठी येत नव्हती, माझी हिंदी ऐकून तिला हसू आवरायचं नाही, पण दोघींनाही गाव नवं होतं आणि दोघींना दुपार खायला उठायची. गच्चीवर वाळवणाची राखण करत आम्ही आपापल्या माहेरच्या नद्या, भाज्या आणि सासवा यांची तुलना करत बसायचो. तिच्याशिवाय त्या गावात माझं म्हणावं असं कोणीच नव्हतं.

लेक आली तेव्हा गालांची नुसती पुरी होती. थंडी सरेपर्यंत तिची हाडं दिसायला लागली. चार दिवस बरी राहायची की परत जुलाब. डॉक्टरांची बाटली संपायची, बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. मामंजींना काही सांगायला जावं तर त्यांचं उत्तर तयार असायचं. "बाहेरच्याले पहिल्या साली पाणी लागतेच. सालभरात सवय होऊन जाते." मीही आल्या आल्या दोन महिने पोट धरूनच होते, तेव्हाही हेच ऐकलं होतं. सगळ्या बिल्डिंगनं हे इतकं मान्य केलं होतं की भाडेकरू एकमेकांना भेटल्यावर राम राम करावा तसं पोटाचं विचारायचे.

मी तिला पाणी उकळून पाजायला सांगितलं. तिनं ऐकलं, आणि काही दिवस लेक सुधारलीही. पण आत्याबाई त्या पोरीला सारखी खाली आणायच्या, मांडीवर घ्यायच्या आणि तोटीखाली भरलेल्या आपल्या माठातलं गार पाणी लोट्यानं पाजायच्या. मी अडवलं तर म्हणाल्या, "उकळलेल्या पाण्यातला जीव निंघून जाते."

"जीव जावा म्हणूनच उकळायचं, आत्याबाई."

"पाय बरं, कशी बोलते!" त्या मामंजींना म्हणाल्या, आणि पोरीला अजून दोन घोट पाजले.

एक दिवस रीवावाली ट्रंक उघडून कपडे भरत बसलेली दिसली. नवऱ्यानं ठरवलं होतं, होळी झाली की मायलेकींना रीवाला पोचवायचं आणि आपण एकट्यानं इथे दिवस काढायचे. "यहाँ का पानी लग गया है इसको, दीदी," ती म्हणाली. "अब नहीं ले गए तो ये बचेगी नहीं।" तिनं हे रडत नाही, घड्या घालता घालता सांगितलं. पोरगी तिच्या पाठीशी नुसती पडून होती, ट्रंकेच्या कडीशी खेळायचंही त्राण नव्हतं. मी खाली आले ती चिडूनच. पाणी लागतं म्हणजे काय होतं? पाण्यात काही असतं म्हणून ते लागतं. आणि काय असतं ते बघायला मी शिकले होते की!

लग्नाआधी नागपुरात मी पाणी तपासायच्या एका प्रयोगशाळेत मदतनीस होते. ते शिक्षण लग्नात भांड्यांबरोबर आलं होतं आणि भांड्यांसारखंच माळ्यावर पडलं होतं. इथल्या दवाखान्यात एक छोटी प्रयोगशाळा होती. तिथले डॉक्टर नागपुरातच शिकलेले. आमच्या ह्यांनी जाऊन विचारलं, आणि डॉक्टरांनी एक टेबल, थोड्या नळ्या आणि ऊब धरणारी लोखंडी पेटी वापरायला दिली. उरला प्रश्न घरमालकाच्या परवानगीचा. मामंजी पोट धरून हसले. "तपास, तपास! आपलं पाणी पास झालं का मी दरवाजावर बोर्ड लावतो." मी विचारलं, "आणि नापास झालं तर?" ते म्हणाले, "तर तुझी बाटली नापास."

नमुना घेताना तोटीचं तोंड आधी ज्योतीनं भाजून घ्यावं लागतं, नाहीतर तोटीवरचेच जंतू बाटलीत जातात. मी स्पिरिटचा दिवा पेटवून आधी खालच्या नळाच्या तोटीखाली फिरवायला लागले, तर वरच्या मजल्यावरून सगळी बिऱ्हाडं कठड्याशी जमली. ग्वाल्हेरच्या म्हाताऱ्या बाई खाली आल्या, त्यांनी तोटीला हात जोडले आणि आत्याबाईंना विचारलं की आज कोणती पूजा आहे. आत्याबाईंनी जराही न गडबडता हळदीकुंकवाचा करंडा आणला आणि तोटीला दोन बोटं लावली. मी म्हटलं, "अहो, आता ती परत भाजावी लागेल!" मग तोटीची दुसरी आरती झाली.

रस्त्याच्या नळाचं, हौदाचं आणि वरच्या तोटीचं पाणी मी वेगवेगळ्या बाटल्यांत भरलं. प्रयोगशाळेत जांभळ्या रंगाचा पातळ रस्सा असतो, त्यात हे पाणी घालायचं. आत एक इवलीशी नळी डोकं खाली पाय वर करून ठेवलेली असते. पाण्यात आतड्यातले जंतू असले तर रस्सा पिवळा पडतो आणि त्या उलट्या नळीत हवेचा बुडबुडा जमतो. माणसाची किंवा जनावराची घाण पाण्याला लागली आहे, एवढंच तो बुडबुडा सांगतो, पण तेवढं पुरतं. पेटीतून नळ्या काढल्या तेव्हा रस्त्याचं पाणी जांभळं होतं, हौदाचं जांभळं होतं, आणि वरच्या तोटीचं पिवळंधमक. जे काही घडत होतं ते मामंजींच्या लाडक्या टाकीत घडत होतं.

मामंजींनी किल्ली काढली आणि स्वतः माझ्याबरोबर गच्चीवर आले. मी पदर खोचून लोखंडी शिडीवर चढले आणि डोकं टाकीत घातलं. स्टेशनच्या रस्त्यानं जाणारे टांगेवाले माना वर करून बघत होते. आत पाणी नितळ, तळ स्वच्छ, ना पाखरू ना पाल. झाकण घट्ट बसत होतं. मामंजी खालून विजयी आवाजात म्हणाले, "काय दिसलं, फॉरेनवाली?" मी काहीच दिसत नाही म्हटल्यावर त्यांनी शेजारच्या गच्चीला ऐकू जाईल असं "भंडाऱ्याचं पाणी हाय!" करून टाकलं. दवाखान्यातून क्लोरीनची पूड आणून टाकू का विचारलं, तर औषधाच्या वासाचं पाणी आपल्या बिल्डिंगमध्ये चालणार नाही म्हणाले.

मी घरातल्या एकेकाला विचारलं, टाकीत हौदाच्या पाण्याखेरीज दुसरं काही पडतं का? मामंजी म्हणाले नाही. आमचे हे म्हणाले नाही. आत्याबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "दुसरं काय पडन? कुलूप हाय ना." कोणीही खोटं बोलत नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

पुढच्या नमुन्यानं माझी पुरती फजिती केली. त्यात टाकीचं पाणी जांभळंच राहिलं. मामंजींनी बोर्ड रंगवणाऱ्याला निरोपसुद्धा धाडला. मी त्यांच्या हातापाया पडून एक नमुना अजून घेतला, आणि तो परत पिवळा. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, कधी असतं आणि कधी नसतं, म्हणजे कोणीतरी मधून मधून काहीतरी घालतंय. मी आठवून पाहिलं, पिवळे पडलेले दोन्ही नमुने सोमवारचे होते आणि जांभळा शनिवारचा. तेव्हा जे होतं ते रविवारी होत असणार. होळी तोंडावर आली होती. वर ट्रंक भरून झाली होती, फक्त वळकटी बांधायची बाकी होती.

रविवारी सकाळी मी गच्चीवर कुरडया घालायच्या निमित्तानं ठाण मांडलं. ऊन कोवळं होतं. जिन्यात पायांचा आवाज आला. ओले केस, भिजलेला पदर आणि हातात तांब्याचा कलश. आत्याबाई! दर रविवारी त्या टांग्यानं राजघाटावर तापीच्या स्नानाला जायच्या, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. तापी सूर्याची लेक, म्हणून रविवार. त्यांच्या बोटात मामंजींची किल्ली होती. त्या शिडीवर सरसर चढल्या, कुलूप काढलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या आणि कलश टाकीत ओतला.

"आत्याबाई, हे काय?"

त्या दचकल्या नाहीत. "काय म्हंजे? तापीमाय."

"मी विचारलं होतं ना, टाकीत दुसरं काही पडतं का म्हणून?"

"मंग? तापी दुसरी हाय का?"

त्यांना माझा प्रश्नच कळेना. घरात नवा हौद बांधला, विहीर खोदली, टाकी बसवली की तिच्यात तापी घालायची, ही त्यांच्या माहेरची रीत होती. मामंजी किल्ली द्यायचे आणि विसरून जायचे. देवाला लावलेली उदबत्ती जशी कोणी धुरात मोजत नाही, तशी तापी कोणी पाण्यात मोजली नव्हती.

"पहिले मी एकच लोटा टाकत होती," त्या खाली उतरता उतरता सांगायला लागल्या. "मंग हे बाहेरचे लोक आले. आपली आपली नदी सोडून आले बिचारे. म्हटलं मायनं यायले पदरात घ्यावं. तू आली, रोज पोट दुखे, उशीत तोंड घालून रडे. तुह्या नावानं एक लोटा वाढवला. मंग ह्या लेकराचं असं झालं, म्हणून मी आता पुरा कलश टाकून राहिली. जास्ती बिमार पडली का जास्ती टाकते."

माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणायची, ते त्या दिवशी खरं झालं. "त्याच पाण्यानं पोरगी आजारी पडते आहे!" मी ओरडलेच. "घाटावर माणसं अंघोळ करतात, गुरं धुतात, तेच तुम्ही तिला पाजता आहात!"

आत्याबाई कलश हातात धरूनच टाकीच्या सावलीत खाली बसल्या. "मायमंदी घाण हाय म्हणते तू?" एवढंच त्या म्हणाल्या. माझ्यासाठी या बाईनं लोटा वाढवला होता, आणि मला इतके महिने वाटत होतं की मी रडते हे तिला दिसतसुद्धा नाही. मी त्यांच्याशेजारी बसले आणि म्हटलं, मायमध्ये नाही, आपण तिच्यात टाकतो त्यात आहे. दुपारपर्यंत त्यांनी घोटभर पाणीही घेतलं नाही. मग अचानक उठल्या आणि म्हणाल्या, "चाल. मले दाखव."

कलशात थोडं पाणी उरलं होतं, तोच नमुना. दवाखान्यात त्यांनी सगळं आपल्या डोळ्यांदेखत करवून घेतलं, आणि पेटी उघडायच्या दिवशी माझ्या आधी तयार होऊन बसल्या. नळी पिवळी होती आणि उलट्या नळीत बुडबुडा टपोरा बसला होता. त्यांनी ती उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली. शेजारची भंडाऱ्याची जांभळी नळी पाहिली. "म्हंजे मीच," त्या म्हणाल्या, आणि नळी जागेवर ठेवली.

घरी आल्यावर त्या थेट वर गेल्या. मी मागोमाग. रीवावाली वळकटी बांधत होती. आत्याबाईंनी तिच्यासमोर जमिनीवर बसून आपल्या तोडक्या हिंदीत सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही, काही कमी केलं नाही. "तेरी लेकर को मैंने बिमार किया, बेटी. प्यार से किया, पर मैंनेच किया." रीवावाली रागावली असती तर तिचं योग्यच होतं. पण तिनं झोपलेली पोरगी उचलली आणि आत्याबाईंच्या मांडीवर ठेवली. "तो अब अच्छा भी आप ही कीजिए, अम्माजी," ती म्हणाली. आत्याबाई तेव्हा रडल्या, आणि वळकटी तशीच अर्धी बांधलेली राहिली.

टाकी रिकामी करून घासली, क्लोरीनच्या पुडीनं धुतली, आणि मामंजींनी नाकाला रुमाल लावून ते सगळं सहन केलं. आता तापीचं काय करायचं हा प्रश्न होता. रीत मोडायला आत्याबाईंचं मन घेईना, आणि मोडा म्हणायला माझी जीभ आता रेटेना. उपाय त्यांनाच सुचला. पुढच्या रविवारी घाटावरून आल्यावर त्यांनी कलश सरळ चुलीवर चढवला. ज्या बाईच्या मते उकळल्यावर पाण्यातला जीव जायचा, तीच पंख्यानं जाळ करत बसली होती. मी बघत राहिले तर म्हणाल्या, "सूर्याची लेक हाय ते. आगीले काय भेते?" पाणी खळखळून उकळलं, झाकून गार केलं, आणि टाकीत घालायच्या आधी त्यांनी लोटाभर माझ्यापुढे केलं. "पहिले तुह्या नळीले पाज. मंग लेकराले." ती नळी जांभळीच राहिली. मामंजी मला म्हणाले, देवघरात ठेवायची का, आणि थट्टेत म्हणालेलं ते आत्याबाईंनी खरंच केलं. गणपतीच्या शेजारी बूच लावलेली ती जांभळी नळी पुढे पुष्कळ दिवस होती, तिला रोज फूल वाहिलं जायचं.

होळी आली तेव्हा पोरीचे जुलाब थांबले होते. धुळवडीच्या दिवशी तिनं रंगाच्या बादलीत दोन्ही हात घातले आणि स्वतःच्या केसांना पुसले. नवऱ्यानं रीवाला कळवलं की मंडळी येत नाहीत. मामंजींचा बोर्ड मात्र लागला: 'इथले पाणी तपासलेले आहे.' त्यामुळे लालबागमधल्या इतर घरमालकांना जळफळाट झाला, आणि सिनेमावाले, धर्मशाळावाले, जिनिंगवाले एकेक करून मला बोलवायला लागले. प्रत्येकाला खात्री असायची की आपलं पाणी गंगा आहे. मी सगळं तपासून झाल्यावर शेवटी एक प्रश्न हमखास विचारायची: टाकीत काय पडत नाही ते सोडा, देवाधर्माचं काय घालता ते सांगा. उरूसाचं गुलाबजल, नर्मदेचं पाणी, नवसाची फुलं, एका ठिकाणी तर बाबांच्या मठातली विभूती. लोक मनापासून सांगायचे, कारण ते त्यांच्या लेखी 'काही घालणं' नव्हतंच.

त्यानंतरच्या वर्षी भोपाळकडचं एक नवं जोडपं वर राहायला आलं. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते आणि रीवावाली ओट्याशी शेंगा सोलत होती. तिची पोरगी, आता तुरूतुरू पळणारी, मधेमधे दाणे पळवत होती. बाहेर नवी भाडेकरीण आत्याबाईंना सांगत होती की दोन दिवस पोट बिघडलंय, यहाँ का पानी लग गया शायद. आता सालभरात सवय होईल असं ऐकू येणार म्हणून मी कान दिला.

"पानी-वानी कुछ नहीं लगता," आत्याबाई कडाडल्या. "पानी में कुछ रहता है तो निकालना पड़ता है. ठहर, मेरी बहू को भेजती हूँ. बोतल लेके आएगी." आणि आत तोंड करून, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी हाक मारली, "सूनबाई!"

कणकेचे हात तसेच घेऊन मी उभी राहिले. त्या घरात त्या नावानं मला कोणी हाक मारल्याचं मला आठवेना, म्हणून मी मागं वळून पाहिलं. मागं रीवावाली होती, हसत होती आणि डोळे पुसत होती. "जाइए ना, दीदी," ती म्हणाली, "आपको ही बुला रही हैं।"